डावीकडचे तारे

इमारतीत तिला सगळे रफूवाली म्हणत. तोंडावर वहिनी, काकू, ताई, ज्याला जे जवळचं वाटेल ते. पाठीमागे मात्र रफूवालीच. तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण तिच्यासारखं रफू आसपास दुसरं कुणी करत नव्हतं. सिगारेटने जळलेला कोट असो, कसरीने खाल्लेला स्वेटर असो, खिळ्यात अडकून फाटलेली पँट असो, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून ती भोक असं भरून द्यायची की कपड्याच्या मालकालाही ते पुन्हा सापडत नसे. धुलाईच्या दुकानातल्या मागच्या खोलीत, खिडकीशी, तिची खुर्ची होती. सत्तावीस वर्षं त्याच खुर्चीत गेली.

तिच्या चष्म्याचा नंबर होता उणे अकरा. भिंगं इतकी जाड की समोरच्याला तिचे डोळे दुर्बिणीच्या उलट्या टोकातून पाहिल्यासारखे बारीक दिसायचे. कामाला बसली की मात्र चष्मा काढून डबीत. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येत नसे, पण डोळ्यांपासून चार बोटांवर धरलेल्या कापडाचा धागा न् धागा दिसे. "देवाने मला जवळचं दिलंय, लांबचं चष्मेवाल्याने," असं ती म्हणायची.

स्वभावाने ती भित्री. तिचा नवरा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा, आणि ही बाई आयुष्यात कधी एकटी लिफ्टमध्ये चढली नाही. पाच मजले पायी. नवरा म्हणायचा, "मी दिवसभर लोकांना वर चढवतो आणि माझी बायको जिन्याने धापा टाकत येते. आमच्या धंद्याला याच्यापेक्षा वाईट जाहिरात नाही."

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा जाताना तिने आपला जुना कॅमेरा आईच्या हातात ठेवला. "मी नवा घेतलाय. हा तुला राहू दे. कशाचे तरी फोटो काढ, नाहीतर संध्याकाळभर मला फोन करत बसशील." पहिले दोन महिने कॅमेरा कपाटातच होता. मग एका रविवारी सकाळी ती तो गळ्यात अडकवून इमारतीच्या मागे गेली. तिथे एक पडकी भिंत होती आणि तिच्या पायाशी सांडपाण्याचा ओहळ. लोक तिकडे फक्त नाक दाबून जात. भिंतीवरच्या शेवाळाशी तिने कॅमेरा नेला, आणि घरी येऊन पाहिलं तर शेवाळ नव्हतंच, ते जंगल होतं. बारीक देठ, देठांच्या टोकाला बोंडं, एका बोंडावर पाण्याचा थेंब आणि थेंबात उलटी इमारत.

त्या दिवसापासून तिला नादच लागला. ओहळावर चतुर यायचे, लाल आणि निळे. भिंतीच्या भगदाडात एक कोळीण दर पहाटे नवं जाळं विणायची, आणि ते पाहताना रफूवालीला बरोबरीच्या कारागिराकडे बघावं तसं वाटायचं. ती गुडघ्यांवर, कधी पालथी पडून फोटो काढायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय हरवलं वहिनी?" आणि ती म्हणायची, "सापडलंय."

आकाशाचा नाद लावला तो तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, एकटे राहणारे, बोलायला कुणी मिळालं की वर्गात उभे असल्यासारखे बोलणारे. लिफ्टची मोटर गच्चीवरच्या खोलीत होती, म्हणून गच्चीची किल्ली तिच्या नवऱ्याकडे असायची, आणि मास्तर ती मागायला यायचे. एकदा किल्ली द्यायला तीच वर गेली. मास्तर म्हणाले, "थांबा ना पाच मिनिटं. पण आधी खाली बसा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या." पाच मिनिटांचा तास झाला. व्याध कुठला, रोहिणी कुठली, कृत्तिका मोजायच्या कशा, सगळं त्यांनी बोट दाखवून सांगितलं. तिने त्यांना सांगितलं, की नवव्या वर्षी पहिला चष्मा लागेपर्यंत आकाशात सुटे सुटे ठिपके असतात हे तिला माहीतच नव्हतं. लोक उगाच कौतुक करतात असं वाटायचं. मास्तर हसले नाहीत. "मग तुम्ही तर बाई उशिरा वर्गात आलेल्या विद्यार्थिनी," ते म्हणाले. "तुम्हाला जास्त दिसेल."

पुढची दोन वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी ती गच्चीवर असायची. कॅमेरा तिवईवर लावून ताऱ्यांच्या वाटा टिपायला शिकली. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं होती असं ती पुढे सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज थोडा खाली यायचा.

त्या वर्षी ती त्रेपन्न वर्षांची होती. एका सोमवारी, जेवणाआधी, ती एकटीच गच्चीवर होती. मास्तरांना सर्दी होती. डावीकडे, नजरेच्या अगदी कडेला, एक तारा निखळला. पांढरी, बारीक, कमानीसारखी रेघ. ती वळली तोवर विझली. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही, आणि मग तिसरा. ती नाचतच खाली आली.

"अहो, तीन तारे पडताना बघितले!"

"काही मागितलंस का?" नवरा पाव मोडत म्हणाला.

"सुचलंच नाही."

"उद्या सुचून जा. नवा पंखा माग."

मंगळवारी तिने अर्ध्या तासात अकरा मोजले. त्या दिवशी तिने कॅमेरा त्याच दिशेला लावून ठेवला होता, एकामागून एक आपोआप फोटो काढत. खाली येऊन तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला. चाळीस फोटो. तारे जागच्या जागी होते. दूर एका विमानाची तुटक रेघ होती. निखळलेला तारा एकही नव्हता.

तिला वाटलं, आपल्याला अजून कॅमेरा नीट लावता येत नाही.

बुधवारी जिन्यात मास्तर भेटले. तिने त्यांना अकरा ताऱ्यांचं सांगितलं. मास्तरांनी भुवया उंचावल्या. "अर्ध्या तासात अकरा? या दिवसांत? कुठून येत होते?"

"डावीकडून."

"म्हणजे तुमचं तोंड कुठे होतं?"

"आधी टाकीकडे. मग मी वळले, तर मग इकडून, या डावीकडून."

मास्तर एक पायरी खाली उतरले आणि तिच्या डोळ्यांत पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा शिक्षक कुठेतरी निघून गेला होता. "ताई," ते हळूच म्हणाले, "तारा आपल्या मानेबरोबर वळत नाही. तुम्ही डोळे दाखवून या. आजच."

"हो, जाते," ती म्हणाली, आणि दुकानात गेली.

दुकानात मागच्या खोलीपलीकडे एक कोठार होतं. लोकांनी धुवायला टाकून न्यायला विसरलेले कोट तिथे दाटीवाटीने टांगलेले असायचे. खिडकी नाही, आणि दिवा महिनाभर गेलेला. मालकीणबाईंनी तिला एक तपकिरी कोट शोधायला पाठवलं. ती आत शिरली, दार मागे लोटलं गेलं, आणि अंधारात तिने मान डावीकडे वळवली.

छपराखाली, कोटांच्या गर्दीत, तारा पडला.

ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिने डोळे घट्ट मिटले आणि मिटलेल्या पापण्यांमागे डोळे डावीकडे फिरवले. पुन्हा तीच रेघ. पांढरी, बारीक, कमानीसारखी. हाताला लागेल तो कोट धरून ती उभी राहिली.

कारण तिला आई आठवली होती.

आईचा चष्माही असाच जाड होता. पंचावन्नाव्या वर्षी आईला दिसेनासं झालं. आधी एका डोळ्याने, वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या. पुढची अठरा वर्षं ती मागच्या खोलीत खाटेच्या कडेला बसून असायची. भर दुपारी विचारायची, "दिवा का लावत नाहीये कुणी?" न्हाणीघराकडे जाताना हात भिंतीवरून सरकवत जायची, तिच्या बोटांनी भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीवर एक तेलकट पट्टा उमटला होता. रंग दिला तरी तो पुन्हा वर यायचा. पण कोठारात उभ्या असलेल्या रफूवालीला आठवलं ते त्याच्याही आधीचं. दिसणं जायच्या थोडं आधी आई संध्याकाळी म्हणायची, "घरात काजवे शिरलेत गं. बघा तरी." आणि ती आणि तिचा भाऊ खाटेखाली, कपाटामागे काजवे शोधायचे. मिळाले नाहीत की दोघं पोट धरधरून हसायचे.

त्यावर ती कधीच विचार करायला बसली नव्हती. आता एका क्षणात सगळं जुळलं.

कुणालाही वाटेल की बाई त्याच पावली डॉक्टरकडे गेली असेल. ती गेली नाही. भीती माणसाला पळायला लावते म्हणतात. तिला भीतीने खुर्चीला बांधून ठेवलं. दाखवलं नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर आजार नाही, असला काहीतरी हिशेब तिचं मन करत होतं. त्यात डोळ्यात सुई घालतात हे तिने कुणाकडून तरी ऐकलेलं. तीस वर्षं सुई चालवलेली बाई. सुई काय करते हे तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

गुरुवारी मास्तरांनी गाठलंच. "दाखवलंत?"

"दाखवलं ना. काही नाही म्हणाले. वयाने होतं म्हणे."

मास्तरांचा चेहरा उजळला. "सुटलो बुवा. मी रात्रभर झोपलो नाही." आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

शुक्रवारी डाव्या डोळ्यापुढे काजळीचे कण तरंगायला लागले. कंदिलाची काच काळवंडल्यावर फुंकर मारावी आणि काळे कण उडावेत, तसे. तिने तीनदा चष्मा धुतला. नवऱ्याने विचारलं, "काय गं, चष्म्याला आंघोळ घालतेस का?" ती हसली. हसता हसता रडू फुटेल म्हणून मोरीत जाऊन तिने नळ सोडला. रात्री अंथरुणात ती एक डोळा झाकायची, मग दुसरा, आणि खिडकीच्या चौकटीचे चार कोपरे मोजायची. एक, दोन, तीन, चार. आहेत. पुन्हा. एक, दोन, तीन, चार. शेजारी नवरा घोरत असायचा. शनिवारी तिने गच्चीची किल्ली मास्तरांना दिली आणि डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं. आकाशाकडे बघायची तिला हिंमत नव्हती.

रविवारी सकाळी ती कॅमेरा घेऊन भिंतीकडे गेली. सवयीने गेली म्हणा, किंवा सगळं ठीक आहे हे स्वतःला पटवायला गेली म्हणा. कोळिणीचं जाळं नुकतंच विणून झालं होतं. दवाचे थेंब अजून सुकले नव्हते. ती कॅमेऱ्याच्या खिडकीतून नेहमी डाव्या डोळ्याने बघायची. तिने डोळा लावला. जाळ्याचा खालचा उजवा कोपरा काळा होता.

बोट आलं असेल म्हणून तिने बोटं तपासली. पट्टा आला असेल म्हणून पट्टा मागे टाकला. पुन्हा डोळा लावला. काळंच, आणि काठ असा हलणारा, पाण्यात बुडवलेल्या कापडासारखा. तिने तसाच फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर उजव्या डोळ्याने पाहिला.

जाळं पूर्ण होतं. चारी कोपरे, एकही धागा न तुटलेला.

ती ओहळाच्या काठावर बसली. चिखल आहे, वास आहे, कशाचंच भान नव्हतं. मग ती उठली आणि चालायला लागली, नवरा जिथे कामाला गेला होता तिकडे. चार गल्ल्या ओलांडायच्या होत्या. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ती उजवा डोळा मिटून डाव्याने बघायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं काळं थोडं वर सरकलंय.

ती सात मजली जुनी कचेरी होती. सुट्टीचा दिवस साधून नवरा लिफ्टचं काम करत होता. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, पुढे दोरी बांधलेली, आणि आत नुसता काळोख. ज्या भोकाची तिला जन्मभर धास्ती होती ते तिच्यासमोर आ वासून उभं होतं. खालून हातोडीचा आवाज येत होता. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून तिने हाक मारली.

"अहो!"

हातोडी थांबली. "कोण? अगं, तू? जिन्याने आलीस?"

"वर या."

"हे एवढं आवळतो आणि येतो. पंखा मिळाला का?"

"मला खालचं दिसत नाहीये," ती म्हणाली. आवाज त्या काळोखात पडला आणि घुमून परत आला. "डाव्या डोळ्याने. सोमवारपासून काहीतरी होतंय. आईसारखं."

खाली काहीतरी लोखंडी वस्तू पडली. मग भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून भराभर चढणारे पाय ऐकू आले. नवऱ्याचं डोकं दोरीखालून बाहेर आलं, गालाला वंगण लागलेलं. त्याने विनोद केला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने विनोद केला नाही, आणि तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

डोळ्यांच्या इस्पितळात रविवारीही एक डॉक्टर असायची, लेकीच्या वयाची, कमी बोलणारी. थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग डोक्याला दिवा बांधून इतक्या जवळून पाहिलं की तिचा श्वास गालावर लागत होता. "वर बघा. डावीकडे. खाली. नाकाकडे." दिवा इतका प्रखर की रफूवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती खुर्चीचे हात इतके घट्ट धरून होती की नखं पांढरी पडली.

"डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, पडदा असतो," डॉक्टर म्हणाली. "भिंतीला कागद लावावा तसा. तुमचा वरच्या बाजूला फाटलाय. फटीतून पाणी मागे गेलंय आणि पडदा सुटत चाललाय. वरचा सुटला की खालचं दिसेनासं होतं. मधला भाग, ज्याने तुम्ही वाचता, तो अजून चिकटलेला आहे."

"मला दुखलं कसं नाही?"

"पडद्याला दुखणं कळत नाही. त्याला फक्त उजेड कळतो. ओढ बसली की तो उजेड दाखवतो."

नवऱ्याने विचारलं, "किती दिवसांत करायचं?"

"दिवसांत नाही. उद्या सकाळी. आज घरी जाऊ नका. जास्त हालचाल नाही, उशा सांगते तशा ठेवायच्या." मग ती रफूवालीकडे वळली. "दिसायला लागून सहा दिवस झाले म्हणता. पहिल्या दिवशी आला असतात तर दहा मिनिटांच्या लेझरमध्ये काम झालं असतं."

रफूवालीने विचारलं, "माझ्या आईचंही हेच असेल?"

"असेल. बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

बघायला आता आई नव्हती.

ती रात्र तिने टक्क जागून काढली. खोलीत आणखी एक म्हातारी होती, ती शांत घोरत होती. नवरा बाकावर बसून होता. तिने त्याचा हात धरला होता.

सकाळी डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं. तोंडावर हिरवं कापड आलं, फक्त डाव्या डोळ्यापुरतं भोक असलेलं. ती जागी होती. कुणी सांगितलं नव्हतं की जागं असताना करतात, किंवा सांगितलं असेल तर भीतीने ऐकू आलं नव्हतं. दुखत नव्हतं, पण दिसत होतं. पिवळ्या धुक्यात काळ्या काड्या शिरत होत्या, तिच्या डोळ्याच्या आत, बाहेरून नव्हे. काड्या फिरत, थांबत, मागे जात. ओरडावं असं तिला वाटलं, आणि ओरडले तर डोकं हलेल या भीतीने तिने ओठ घट्ट मिटून धरले. कापडाखालून एक हात आला आणि तिच्या हातात विसावला. नर्सचा असावा. तो हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही. नंतर तिने त्या नर्सला खूप शोधलं. पाळी बदलली होती.

फाटलेल्या जागेच्या कडा लेझरने चिकटवल्या आणि पडदा दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा नेहमी वर सरकतो आणि पडदा डोळ्याच्या मागे असतो, म्हणून पाच दिवस मान खाली. खाताना, बसताना, झोपतानाही. पन्नास मिनिटं तशी आणि दहा मिनिटं विश्रांती.

घरी नवऱ्याने एका खुर्चीच्या पाठीला जुन्या लिफ्टमधला स्पंज बांधून मध्ये तोंडापुरती जागा कापली. ती त्यात तोंड घालून बसायची आणि तिला फक्त फरशी दिसायची. चहा नळीने. झोपेत कूस बदलली तर सगळं वाया, या धास्तीने तिला झोप येईना. मग नवऱ्याने एका सुतळीचं टोक तिच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. "वळलीस की मला घंटी वाजेल," तो म्हणाला. त्या पाच रात्रींत तो आठ वेळा उठला.

तिसऱ्या दिवशी तिच्या फरशीवर मास्तरांच्या चपला येऊन थांबल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. मास्तर खालीच बसले, मांडी घालून, तेव्हा त्यांचे गुडघे दिसले.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," ते म्हणाले.

"भीती वाटली हो."

"मलाही वाटली होती. म्हणूनच विश्वास ठेवला. पुन्हा विचारायला हवं होतं." गुडघ्यांवरचे हात एकमेकांत गुंतले. "काल चंद्राजवळ रोहिणी होती. सांगू का?"

"सांगा."

मग रोज संध्याकाळी ते आधी गच्चीवर जाऊन यायचे आणि फरशीवर बसून तिला आकाश सांगायचे. ती फरशीच्या जोडांकडे बघत ऐकायची. आवाजात जरा थांबा आला की तिला वाटायचं, डोळ्याविषयी काही वाईट सांगतील. ते तसलं काही सांगत नसत.

पट्टी निघाली तेव्हा डाव्या डोळ्याला नुसतं दूध दिसलं. डॉक्टर म्हणाली, वायू आहे, थांबा. आठवड्याने दुधाच्या वरच्या काठाला एक लख्ख फट दिसली. खाली एक सरळ, डुचमळणारी रेघ. मान हलवली की रेघ हलायची. नवऱ्याला तिने वर्णन केलं तर तो म्हणाला, "अगं, ही तर पाणसळ! मी लिफ्ट बसवताना वापरतो ती. तुझ्या डोळ्यात लेव्हल बसवलीय." बऱ्याच दिवसांनी तो असं काही बोलला होता, आणि ती इतकी हसली की घाबरून स्वतःच गप्प झाली, हसण्याने पडदा सुटला तर.

रेघ रोज खाली जात राहिली. सहाव्या आठवड्यात वायू गेला. डोळा राहिला, पण होता तसा नाही. दाराची चौकट मधोमध किंचित फुगलेली दिसते, आणि कापडाचे उभे धागे एका जागी वाकतात. ती आता डावा डोळा मिटून, उजव्याने रफू करते. वेळ दीडपट लागतो, आणि मालकीणबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उजव्या डोळ्याच्या पडद्यावरही तीन जागा विरल्या होत्या. त्या डॉक्टरने लेझरने पक्क्या केल्या. या वेळी ती तारखेच्या आदल्या दिवशीच जाऊन बसली होती.

गच्चीवर जायला मात्र तिला चार महिने लागले. भिंतीवरून गाडीच्या दिव्याचा कवडसा सरकला तरी हातातलं काम गळून पडायचं. शेवटी मास्तरच एके संध्याकाळी दारात उभे राहिले, म्हणाले, "किल्ली नको आहे. तुम्ही हव्या आहात." ती गेली. दहा मिनिटं कठड्याला धरून बसली, घामाघूम झाली आणि उतरून आली. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं. तिचा तो आनंद परत आला का, असं विचारलं तर ती म्हणते, "आला, पण एकटा येत नाही. बरोबर तिला घेऊन येतो." तिला म्हणजे भीतीला. दोघांना बसायला जागा करून द्यायची तिला सवय झाली आहे.

सगळ्यात कठीण गोष्ट राहिली होती. लेकीचा नंबर उणे आठ. तिला आजीचं ऐकून माहीत होतं, आईचं फोनवरून कळलं होतं, पण "मला काही होत नाहीये गं" म्हणून ती तपासणी टाळत होती. रफूवालीने तिला फोनवर आग्रह केला नाही. ती बसने सहा तास प्रवास करून लेकीच्या खोलीवर गेली आणि म्हणाली, "मला काजवे दिसले तेव्हा मी सहा दिवस गप्प बसले. तुला कळतंय का मी काय केलं ते? सहा दिवस. उठ, चप्पल घाल."

लेकीने चप्पल घातली.

डॉक्टरच्या खोलीबाहेर बसली असताना तिला जेवढी भीती वाटली तेवढी कोठारातही वाटली नव्हती. आत लेक दिव्यासमोर डोळे फिरवत होती, वर, डावीकडे, खाली. दार उघडून लेक बाहेर आली, बाहुल्या थेंबांनी मोठ्या झालेल्या, उजेडाला हाताचा आडोसा धरून.

"एक जागा पातळ आहे म्हणे. आज काही करायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा यायचं." ती थांबली. "आणि तारे दिसले तर त्याच दिवशी यायचं. मी म्हटलं, ते मला पाठ आहे."

लेकीला चार तास नीट दिसणार नव्हतं. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. रफूवालीने तिचा दंड धरला. "पायरी आहे," ती म्हणाली. मग "खड्डा आहे." मग "थांब, गाडी येतेय." आणि लेक, एरवी असल्या काळजीवर वैतागणारी, तिच्याबरोबर चालत राहिली.